त्या रविवारची पंचवीस मिनिटं

आमच्या सभेच्या वहीत माझ्या तोंडचं एक खोटं वाक्य चार वर्षं होतं. माझं वय आता एक्क्याऐंशी आहे. ते वाक्य खोटं कसं, हे मला स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं आहे.

आयर्लंडच्या वायव्येला, स्लायगोपासून गाडीने पाऊण तासावर, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची एक लहानशी प्रार्थनासभा भरते. प्रार्थना म्हणजे तासभर गप्प बसणं. पाद्री नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. गोलात मांडलेल्या अठरा खुर्च्या. कुणाला आतून काही सुचलंच तर उभं राहून चार वाक्यं बोलायची आणि बसायचं. त्याला कुणी उत्तर देत नाही, आणि बोलण्यानंतरची शांतता तर कुणीच मोडत नाही. बारा वाजता दोन ज्येष्ठ हस्तांदोलन करतात, मग प्रत्येक जण शेजाऱ्याचा हात हातात घेतो, की सभा संपली.

मी मूळचा नागपूरचा डॉक्टर. इथल्या इस्पितळांत तीस वर्षं काढून निवृत्त झालो. बायको गेली त्या हिवाळ्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "रविवारी आमच्यात येऊन बसा. काही मानावं लागत नाही. नंतर सूप मिळतं."

"मी हिंदू आहे," मी म्हणालो.

"सूप शाकाहारीच असतं," ते म्हणाले.

मी गेलो. मला कुणी काही विचारलं नाही, फक्त जागा करून दिली. दुसऱ्याच महिन्यात माझी फजिती झाली. एका बाईंची मान एकदम पुढे कलली म्हणून मी भर शांततेत धावलो आणि त्यांची नाडी धरली. त्या झोपल्या होत्या. पुढे कित्येक आठवडे चहाच्या वेळी थट्टा चालली: "डॉक्टर आले, डोळे उघडे ठेवा हं." सगळे प्रेमाने हसायचे, पण माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

ते शेजारी माझ्या उजवीकडे बसत. त्यांची बायको आमच्या बरोबर समोर. "मी घोरलो तर कोपर मारा, डॉक्टर," ते म्हणाले होते. "तिचा हात इथवर पोचत नाही."

तो रविवार नोव्हेंबरातला होता. ऊन खिडकीतून तिरपं येऊन जमिनीवर पडलं होतं. अकरा पस्तीसला एक बाई उभ्या राहिल्या आणि तलावावर परत आलेल्या हंसांबद्दल बोलू लागल्या. तेवढ्यात उजवीकडून घोरण्याचा आवाज आला. मी कोपर मारलं. पुन्हा तसाच आवाज. घशातून ओढून घेतल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. मग काहीच नाही.

ते घोरणं नव्हतं. हृदय थांबतानाचा असा श्वास मी वॉर्डात शेकडो वेळा ऐकला होता. समोरच्या दुकानाच्या भिंतीवर हृदयाला झटका देण्याचं यंत्र टांगलेलं होतं, धावत दोन मिनिटांवर. हंसांच्या बाई खाली बसल्या. शांतता पसरली. मी मान वळवली नाही. वळवली असती तर उठावं लागलं असतं, आणि चूक निघाली असती तर पुन्हा सगळे हसले असते. एवढंच कारण होतं. मी घड्याळाकडे बघत पंचवीस मिनिटं बसून राहिलो.

बारा वाजता मी त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता. मग मी ओरडलो, त्यांना जमिनीवर निजवलं आणि छाती दाबू लागलो. ते त्यांच्यासाठी नव्हतं, बघणाऱ्यांसाठी होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी घामाने भिजलो होतो. त्यांच्या बायकोला मी सांगितलं, "आत्ता, सभेच्या शेवटच्या क्षणी गेले. काही करण्यासारखं नव्हतं." तेच वहीत लिहिलं गेलं. ‘शांतपणे गेले’ असंही.

सगळे म्हणत, त्या दिवशीसारखी खोल शांतता आम्ही कधी अनुभवली नव्हती.

पुढच्या रविवारी अकरा पस्तीसला मला तो श्वास ऐकू आला. एक, दोन, मग खंड, मग तिसरा. हीटरचे पाइप असतील असं समजलो. पण जूनमध्ये हीटर बंद असतानाही तो आला. एकदा सूप पिताना एक बहिऱ्या आजीबाई आनंदाने म्हणाल्या, "कानातलं मशीन काढून ठेवलं की मला इथे जवळ कुणीतरी झोपल्यासारखं ऐकू येतं. फार बरं वाटतं." मी सूप तसंच ठेवून उठलो.

चौथ्या वर्षी शेजाऱ्यांची बायको समोरची जागा सोडून माझ्या उजवीकडे येऊन बसू लागली. "मलाही असंच जायचंय," ती म्हणाली. "इथे, तुमच्याजवळ. वेळेवर हात धरा म्हणजे झालं." ती ब्याऐंशीची होती, पायांवर सूज होती. पहिल्याच रविवारी ती पेंगली आणि तिचा श्वास घोगरा झाला. कोपर उचलायला गेलो तर ते हलेना. कोणता श्वास तिचा आणि कोणता त्यांचा, हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं. तिने केटली बंद केली.

"किती मिनिटं?"

"पंचवीस."

"तो घोरतोय म्हणून मी समोर बसून चिडले होते," ती म्हणाली. "आवाज थांबला तेव्हा मला बरं वाटलं." मग कप धुऊन पालथा घातला. चहा दिला नाही. "वहीत खरं लिहायला हवं. मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

आमच्याकडे ठराव नंतर लिहीत नाहीत. बैठक चालवणारा क्लार्क सर्वांसमोर तिथेच लिहितो, वाचतो, आणि प्रत्येकाने ‘मान्य’ म्हटल्याशिवाय पान उलटत नाही. महिन्याच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि बोललो. क्लार्कच्या पेनाचा तेवढा आवाज. मग त्याने वाचलं: "आमचे मित्र सभा संपण्याच्या पंचवीस मिनिटं आधी शांतपणे गेले. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि ते उठले नाहीत. उठले असते तर आमचे मित्र कदाचित वाचले असते."

एकेक ‘मान्य’ येत गेलं. तिचं आलं नाही. क्लार्क थांबला.

"‘शांतपणे’ काढा," ती म्हणाली. "ते कुणी ठरवलं? डॉक्टरांना विचारा, त्यांनी ऐकलंय."

क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. "शुद्ध नसावी," मी म्हणालो. "पण शरीर हवेसाठी धडपडत होतं."

त्याने तो शब्द खोडला, माझी दोन वाक्यं लिहिली आणि पुन्हा सगळं वाचलं. ती माझ्याकडे वळली नाही. मग ती म्हणाली, "मान्य."