निळा कॅपॅसिटर

माझे थोरले काका गाड्यांचे इंडिकेटर कानाने तपासायचे. गाडी आली की म्हणायचे, "थांब, आधी ऐकू दे." टिकटिक घाईची असली की एखादा बल्ब उडालेला, टिकटिकच नसली की फ्लॅशर गेलेला. सहसा चुकायचे नाहीत. घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र हा कान ठार बहिरा निघाला.

फ्लॅशर म्हणजे ती टिकटिक करणारी काडेपेटीएवढी डबी. काका त्या स्वतः बनवायचे. मी ऑफिसातली नोकरी सोडून त्यांच्याकडे सोल्डरिंगला बसले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी समजावलं, "कॅपॅसिटर म्हणजे बादली. रेझिस्टर म्हणजे जरासा सोडलेला नळ. बादली भरली की ट्रान्झिस्टर रिलेला, म्हणजे आतल्या खटक्याला, उठवतो, दिवा लागतो. बादली रिकामी झाली की रिले सुटतो, दिवा विझतो. नळ जास्त सोडलास तर टिकटिक जलद. संपलं शास्त्र!"

मिनिटाला ऐंशी वेळा टिकटिक मोजल्याशिवाय ते डबी पास करत नसत. मग आत काळं रसायन ओतून सगळं बुजवून टाकायचे, कुणी नक्कल करू नये म्हणून. तयार डब्या माझे बाबा, म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, दुकानोदुकानी नेऊन विकायचे. दोघांचं इतकं गूळपीठ, की आईला आणि काकूला त्यात शिरायला फट नव्हती.

एक दिवस एक टेम्पोवाला आला. "काका, तुमची डबी अडकतेय."

डबी आमची नव्हतीच. लाल रंगाची, वर भलत्याच कंपनीचं नाव. काकांनी ती टेबलावर जोडली, टिचकी मारली, ती चालू झाली. डोळे मिटून ते मिनिटभर ऐकत राहिले.

"ऐंशी," ते म्हणाले.

डबी तापवून त्यांनी काळा थर स्क्रूड्रायव्हरने खरवडला. आत सगळं आमचंच. तेच रेझिस्टर, तीच मांडणी. माझं डोकंच फिरलं. "मेल्यांनी आपली डबी फोडून नक्कल केलीय!"

"निळा बघ," काका म्हणाले.

कोपऱ्यातला छोटा निळा कॅपॅसिटर मी रोज लावायचे. इथे तो नव्हता.

"मग फोडून नाही केलेली," ते म्हणाले. "तो निळा बिनकामाचा आहे. पहिल्या डबीत चुकून लावला होता, मग मुद्दाम ठेवला. डबी फोडून नक्कल करणारा माझी चूकसुद्धा उचलेल, म्हणून. तो नसला तरी चालतं, हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

नाव त्यांनी घेतलं नाही. मला विचारायची गरजही पडली नाही.

संध्याकाळी बाबा माल न्यायला आले. काकांनी लाल डबी पुढे सरकवली. "निळा काढल्यावर काही बिघडलं नाही ना रे?"

"नाही, मी त्यांना म्हटलंच होतं की..." बाबांनी डबी पुन्हा काकांकडे सरकवली. म्हणाले, "दादा, आज ना उद्या कुणीतरी केलंच असतं. मी नाही तर दुसऱ्याने."

"दुसऱ्याने केलं असतं तर मला नुसता राग आला असता," काका म्हणाले आणि सोल्डरिंगची तार रिळावर गुंडाळत बसले.

बाबा रिकाम्या पिशवीनिशी परत गेले. त्या रात्री मी त्यांच्या पंगतीला जेवायला बसले नाही. काकांनी मला मात्र काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा नेहमीसारखा दोघांचा मागवला. मला बरं वाटलं. मी म्हणजे काही बाबा नव्हे, हे त्यांना कळतं, असं मी धरून चालले.

दोन महिन्यांनी त्यांनी नवीन मांडणी तयार केली. मी सुटे भाग लावायला घेतले. दोन कॅपॅसिटर जास्तीचे वाटले, म्हणून हसत विचारलं, "काका, यातला बिनकामाचा कोणता?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"सगळेच लागतात," ते म्हणाले.

मी मान खाली घातली आणि ते दोन जास्तीचेसुद्धा लावले.