दात काढला की नजर जाते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि मी काही तोंड मिटून बसणारी बाई नाही बरं का — शाळेत शिकवते, सरपंचाला तोंडावर सुनावते, लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना दटावते. बोलायला मी कधी कुणाला भ्यायले नाही. मग ही एवढीशी गोष्टच घशात का अडकली? ऐका तर खरं.

आधी माझे दात बघा. सरळ आहेत ना? ते काही देवाघरून तसे आलेले नाहीत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आसनगावात तोवर आम्ही कुणाच्या तोंडात तार बघितली नव्हती. बाबा कल्याणला नोकरीला होते, त्यांनी तिथल्या डॉक्टरकडून मला ती लावून आणली. दर महिन्याला कसून घ्यायला जायचं. वर्गातली मुलं मला ‘कुंपण’ म्हणायची. म्हणेनात का! मी मुद्दाम तोंड भरून हसायचे.

सुलभा माझी आतेबहीण, मुरबाडच्या पुढच्या एका खेड्यातली, माझ्याच वयाची. डोळे, केस, नाक — सगळ्यात माझ्याहून देखणी. गळा तर असा, की जयंतीला ती गायला उभी राहिली की बायका चुलीवरचं कालवण तसंच टाकून मंडपात यायच्या. फक्त दात तेवढे पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले. गावातली पोरं तिला ‘फावडी’ म्हणायची. मी म्हणत नव्हते. पण ऐकायला मला बरं वाटायचं — हेही आता सांगूनच टाकते.

त्या मे महिन्यात ती मामाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे आली. बाबांनी जाहीर करून टाकलं, हिला तार लावली, आता सुलभालाही लावू. झालं! पोरगी ओट्यावर माझ्यासमोर बसून माझ्या तोंडात डोकवायची आणि विचारत राहायची. दुखतंय काय गो? कसल्यावर दोन-तीन दिवस दुखतं, तेवढे दिवस गुरगुट्या भात. भाकरी? दुधात कुस्करून. कैरी? बारीक फोडी करून, दाढेनं. ऊस आणि चणे मात्र विसरायचे. गाल सोलला तर? डॉक्टर मेण देतात, ते तारेवर दाबायचं. कवा निघंल? वर्ष-दोन वर्षं धर. सगळी उत्तरं खरी होती. मी ती ऐटीत दिली, जशी काही मीच डॉक्टर.

मग तिनं विचारलं, “दात पन काढत्यात काय?”

काढतात. जागा करायला माझे वरचे दोन काढले होते. काही होत नाही — एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं होतं?

पण त्याच वर्षी मला चष्मा लागला होता. शाळेत फळ्यावरचं दिसेना म्हणून. आईला होता, आजीला होता, आमच्या घरातच आहे तो. सुलभानं मात्र तो माझ्या नाकावर पहिल्यांदाच बघितला होता. आणि वरचा दात उपटला की नजर जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मी चष्मा काढला. फ्रॉकला पुसला. आणि म्हटलं, “मग हा कशानं लागला, वाटतं तुला?”

का म्हटलं? जळत होते मी तिच्यावर. तिचे दात सरळ झाले असते तर माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त काय उरलं असतं?

आत्या तिला न्यायला आली तेव्हा बाबांनी कल्याणचा विषय काढला. आत्या एकदम हात जोडून म्हणाली, “नको रे दादा. वाकडे दात चालतील, आंधळी पोर कोन करंल?” बाबा हसले, म्हणाले असं काही नसतं. “नसतं कसं? तुजीच पोर बोलली ना!” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. दात काढताना बाबा बाहेर बाकावर बसले होते, आत मी एकटीच होते. मी म्हटलं, “डॉक्टर तसंच कायतरी बोलले होते.” बाबांनी विषय सोडून दिला. सुलभा पिशवी घेऊन आत्याबरोबर निघून गेली.

पुढच्या एक-दोन जयंत्या ती गायली. मग एकदा पुढे बसलेल्या पोरांनी मधेच ‘फावडी’ म्हणून ओरडा केला आणि ती गाणं अर्धवट सोडून खाली उतरली. पुन्हा वर चढली नाही. लग्नानंतर हसताना पदर तोंडावर घ्यायची. लोक म्हणायचे, किती मर्यादेची बाई आहे.

दोन हजार दहानंतरची गोष्ट. तिची मुलगी मोठी व्हायला लागली, दात थेट आईचे. शहापूरच्या डॉक्टरनं तार सांगितली, दोन दात काढायला सांगितले. ती मलाच विचारायला आली. या वेळी मी खरं बोलले — डोळ्यांचा आणि दातांचा काही संबंध नाही, खुशाल लाव. “मंग तुजा चष्मा?” तिनं विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, “तेव्हाची पद्धत वेगळी होती गो. आता सुधारलंय सगळं.”

मुलीची तार निघाली तेव्हा सुलभा पेढे घेऊन आली. म्हणाली, “तू होतीस म्हनून झालं, नायतर आमी घाबरलोच असतो.” लेकीचा फोटो दाखवला — दात दाखवून हसणारी मुलगी. बराच वेळ ती त्या फोटोकडे बघत बसली. मग पदराआडून म्हणाली, “आपल्या टायमाला असं नव्हतं ना गो?”

मी म्हटलं, “नव्हतं.” आणि पेढा खाल्ला.