विहीणबाईंचं रडणं

माझ्या विहीणबाईंसारखं मेलेल्या माणसाला रडणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नाही. हे मी लेकीच्या सासूची मर्जी राखायला सांगत नाही. मर्जी मी कुणाचीच राखत नाही. पिंपळगावच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथे कुणी गेलं की आधी विहीणबाईंना बोलावणं जायचं आणि मग पाहुण्यांना. त्या यायच्या, पदर कपाळावर ओढायच्या, मयताच्या उशाशी बसायच्या आणि हेल काढून, गेलेल्याला नात्याने हाक मारत त्याचं सगळं आयुष्य रडून सांगायच्या. त्याची बैलजोडी, त्याची विडी, म्हशीने लाथ मारून मोडलेली बरगडी, काही सुटायचं नाही. नियम एकच, खोटं रडायचं नाही. "कंजूस माणसाला दानशूर म्हणून रडलं तर त्याला वाटंल, ही बया दुसऱ्याच कुणाच्या मयताला आलीय," असं त्या म्हणतात. माझे मालक गेले तेव्हाही त्याच रडल्या. बशीतून चहा पिणारे, सायकल पुसून पुसून झिजवणारे, असं सगळं काढलं. मी रडले नाही. मला ते येत नाही.

पुढे त्यांच्या मुलाने त्यांना पंचवटीत आणलं. तो आणि माझी लेक तिसऱ्या मजल्यावर, मी त्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी. शहरात येऊन विहीणबाई काडीइतक्याही बदलल्या नाहीत. लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी तिला हात जोडतात. संध्याकाळी खाली बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, भाजी कोणती आवडती, गुडघा कशानं दुखतो, सासूचं पटायचं का. लोकांना वाटतं, किती मायाळू म्हातारी. मला एकटीला ठाऊक आहे की त्या माल गोळा करत असतात. एकदा भाजीवाल्याला त्यांनी पुढचे दोन दात कसे पडले ते विचारलं. त्याने बिचाऱ्याने हातगाडी सोडून सगळी हकिगत सांगितली. "असू द्या," विहीणबाई म्हणाल्या, "येळेला उपयोगी पडंल."

आमच्या इमारतीत चित्रं काढणारी एक बाई आहे. तिला कुठून तरी विहीणबाईंच्या रडण्याचं कळलं आणि तिने त्यांना लोककलेच्या कार्यक्रमाला नेलं. मोठा हॉल, माइक, समोर खुर्च्यांवर झुळझुळीत साड्या. विहीणबाई स्टेजवर गेल्या, इकडे तिकडे बघितलं आणि माइकमध्येच विचारलं, "मेलंय कोण?" कुणी नाही, म्हणाले. "मग रडू कुणाला?" आणि नारळ घेऊन खाली उतरल्या. ती बाई रिक्षात समजावत होती की आजी, ही कला आहे. "कला नाय बाई," विहीणबाई म्हणाल्या, "काम हाय. कुणी तरी करावं लागतं."

मग चौथ्या मजल्यावरच्या काकू गेल्या. माणसं मोबाइल बघत गुपचूप उभी, लेकी दगडासारख्या बसलेल्या. विहीणबाईंना राहवलं नाही. त्यांनी सूर लावला आणि काकूंच्या गच्चीवरच्या पापडांपासून पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणापर्यंत सगळं रडल्या. त्या दोन्ही लेकी मोकळ्या झाल्या, हंबरडा फोडून रडल्या. पण भांडण सोसायटीच्या चेअरमनसाहेबांशी झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ नोटीस लागली: अंत्यविधीच्या वेळी मोठ्याने रडून रहिवाशांना त्रास देऊ नये. जावईबापूही म्हणाले, "आई, इथे असं चालत नाही."

विहीणबाईंचं जेवण तुटलं. बाकावर बसणं सुटलं. एक दिवस माझ्या खाटेवर येऊन बसल्या.

"इहीणबाई, इतक्या माणसांना रडले मी. मी मेले तर मला कोण रडंल?"

"मुलगा आहे की."

"त्यो मोबाइल धरून उभा राहील. तुमची लेक गुणाची हाय, पण तिला रडणं येतं ते टीव्हीतलं. तुमी शिका."

"मी? माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, विहीणबाई."

"पाणी कशाला पायजे? तुमी तोंडावर खरं बोलता. ह्या बिल्डिंगीत तेवढ्या तुमीच."

चौथी शिकलेली बाई मी, पण वही काढली आणि आठ दिवस लिहिलं. रविवारी दुपारी विहीणबाई माझ्या घरात चटईवर आडव्या झाल्या, गळ्यापर्यंत चादर घेतली, डोळे मिटले. "हं, करा सुरू."

"विहीणबाई गंऽ..."

"पोटातून काढा आवाज," मयत म्हणालं.

मी पोटातून काढला. "लिफ्टला हात जोडणाऱ्या गंऽ, लोणच्यात मीठ जास्त घालणाऱ्या गंऽ, माझ्या लेकीला पहिलं वर्षभर छळलंत गंऽ..."

एक डोळा उघडला. "खरं हाय. ऱ्हाऊ द्या."

"आणि तिच्या बाळंतपणात चाळीस दिवस तिला खाटेवरून उतरू नाही दिलंत गंऽ, स्वतःच्या हाताने घास भरवलात गंऽ..." इथे माझा आवाज आपोआप चढला. कुठून आला, मला माहीत नाही. वहीकडे न बघता मी सुटले. विहीणबाई चादरीखाली खुशीत बोटांनी ताल धरत होत्या, आणि दार उघडं आहे हे दोघींच्याही ध्यानात नव्हतं.

थांबले तेव्हा दारात अख्खी इमारत उभी. चित्रंवाली बाई हुंदके देत होती. वॉचमन बांबू आणायला गेला होता. चेअरमनसाहेब चपला काढून आत आले, पायाशी हात जोडून उभे राहिले. "फार सच्ची बाई होती हो," ते म्हणाले. "मी उगाच ती नोटीस लावली."

"मग काढा की ती," विहीणबाई म्हणाल्या.

चेअरमनसाहेब भिंतीला चिकटले. विहीणबाई उठून बसल्या, पदर सारखा केला आणि दाराकडे बघून कोण कोण आलंय ते एकेक नाव घेऊन मोजलं. पहिल्या मजल्यावरचं कुणी नव्हतं, ते ध्यानात ठेवलं. मग सगळ्यांना चहा करायला मला सांगितलं. चहा होण्याआधी लिफ्टजवळची नोटीस उतरली होती. वॉचमन बांबू घेऊन आला तेव्हा विहीणबाईंनी तो पारखून घेतला आणि कपडे वाळत घालायला लावला.

आता त्या पुन्हा बाकावर असतात. महिन्या-दोन महिन्यांनी माझी वही तपासतात, "ते चेअरमनचं घाला त्यात," म्हणतात. परवा मी विचारलं, "आणि मी आधी गेले तर?"

"मग मी हाय की. तुमचं समदं पाठ हाय मला."

"म्हणून दाखवा मग."

त्यांनी पदर कपाळावर ओढला, घसा साफ केला, "इहीणबाई गंऽ" म्हणाल्या आणि थांबल्या. मी वाट बघितली. अख्खी गावं रडवणाऱ्या त्या बाईला पुढचा शब्द सापडेना.

"तुमचं नाय म्हणवत ओ," त्या शेवटी म्हणाल्या.

मी चहा टाकायला उठले. तो बशीतून प्यायलो दोघी.