मधेच म्हटलेलं आमेन

सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणतो. गेल्या दोन वर्षांत त्यांची आठवण विरत चालली आहे. स्वतःच्या मुलाचं नाव विसरतात, न्हाणीघर कुठल्या बाजूला ते विसरतात. जेवणाआधीची प्रार्थना मात्र विसरत नाहीत. फक्त ती झाली आहे, एवढंच विसरतात.

आमच्या ख्रिस्ती घरात प्रार्थनेशिवाय कुणी घास घेत नाही. नवरा पहिल्या पाळीला पहाटेच कारखान्यात जातो. मी गडमुडशिंगीच्या शाळेत शिकवते, पावणेआठची बस. त्याआधी आईंची न्याहारी, आणि न्याहारीवरची शुगरची गोळी माझ्या डोळ्यांदेखत. आणि आई डोळे मिटून देवाशी निवांत बोलत बसलेल्या. दूधवाल्याची म्हैस, पाळकसाहेबांचा घसा, शेजारणीचा गुडघा. आमेन होतं. आई भाकरीचा तुकडा मोडतात आणि परत ठेवतात.

"अगं, प्रार्थना झाली न्हाय की!"

"झाली हो, आत्ताच झाली."

"कवा? मला कसं ठावं न्हाय?"

आणि पुन्हा म्हशीपासून सुरू.

मी मुळातच घायकुती. चहा निवेपर्यंत धीर नाही, जीभ कायम पोळलेली. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना सहनशीलतेवर धडा देते आणि सोमवारी आईंच्या मिटल्या डोळ्यांसमोर घड्याळ बघत दात खाते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

एका सकाळी राहवलं नाही. आई शेजारणीच्या गुडघ्यापाशी पोचल्या होत्या. मी मधेच खणखणीत "आमेन" म्हटलं. आईंनीही गुमान "आमेन" म्हटलं आणि खायला लागल्या. माझा चढा आवाज कानात राहिला असावा, दुसऱ्यांदा विचारलंही नाही. पंधरा दिवस मी बस गाठली. शाळेच्या मस्टरवर वेळेत सही. स्वतःच्या हुशारीवर खूश होते, पण बसमध्ये बसलं की जिवाला चैन पडेना. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावून आल्यासारखं वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी गुडघा आला की आमेन ठरलेलंच.

परवा ऐन गुडघ्याला दूध उतू गेलं. मी आत धावले आणि आमेन राहून गेलं. बाहेर आई पुढं बोलतच होत्या.

"आणि देवा, ह्या माझ्या सुनंला बळ दे. लई पळती बघ पोर. माझं डोस्कं चालंना झालंय, तिचा जीव मेटाकुटीला येतोय. तिला माझा राग आला तर त्यो पाप म्हणून धरू नगंस."

पातेलं हातात तसंच राहिलं. म्हणजे गुडघ्यानंतर माझी पाळी होती. किती वर्षं होती, कुणास ठाऊक; घड्याळ बघण्याच्या नादात माझे कान कधी तिथवर पोचलेच नव्हते. आणि पंधरा दिवस मी स्वतःच स्वतःला गाळत होते. मला भयंकर लाज वाटली.

बाहेर येऊन हळूच आमेन म्हटलं. आईंनी तुकडा मोडला, परत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"प्रार्थना केली का गं आपण?"

पावणेआठला दहा मिनिटं कमी होती. पायांची चुळबुळ सुरूच होती. मी उचललेली पर्स खाली ठेवली, समोर बसले आणि धडधडीत खोटं बोलले.

"नाही आई. करा की."