चौदाशे त्रेपन्नचा धडा

दुलारीबाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. केशोराव गुरुजी टेबलावर इस्तंबूलचे फोटो ओळीने लावत होते. तेवढ्यात फाटक वाजलं.

"तुर्क आला वाटते," दुलारीबाई आतूनच म्हणाल्या. "बिजागर जोडाले मीच बोलावलं त्याले."

वेल्डिंगवाल्या जलीलला अख्खं केशोरी गाव तुर्कच म्हणायचं. दुलारीबाईंच्या मनात त्यात वावगं काही नव्हतं. गुरुजींचा हात मात्र फोटोवरच थांबला. हे नाव कुणी ठेवलं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गुरुजींनी गावच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं आणि युरोपचा भारताकडे येणारा खुष्कीचा मार्ग अडला, हे पुस्तकातलं एक वाक्य. पण नुसत्या वाक्याला वर्ग हसत नाही, आणि हसणारा वर्ग गुरुजींना फार आवडे. म्हणून एका वर्षी त्यांनी आठवीतल्या जलीलला उभं केलं.

"काऊन रे तुर्का, तुमच्या लोकांनी रस्ता अडवला काऊन? बिचारे युरोपवाले समुद्रातून हिंडले ना!"

वर्ग खदखदला. जलीलही हसला. तास संपेपर्यंत त्याला बसायला सांगायचं गुरुजी विसरले. पुढे वर्षभर हजेरीलाही त्यांनी तेच नाव घेतलं.

यंदा मुलगी रविता नोकरीनिमित्त इस्तंबूलला, म्हणजे त्याच जुन्या कॉन्स्टॅन्टिनोपलला होती. तिने हट्टाने आईबापांना बोलावून घेतलं. सुलेमानिये मशिदीच्या दारात गुरुजींनी जोडे काढले, दुलारीबाईंनी पदर डोक्यावर घेतला. गाइड सांगू लागला. त्या चौदाशे त्रेपन्ननंतर शंभर वर्षांनी सुलतान सुलेमानाने ही मशीद बांधवली. बांधणारा सिनान ख्रिस्ती घरात जन्मलेला. आवारात शाळा, दवाखाना, आणि गोरगरिबांना जेवू घालणारं मोठं स्वयंपाकघर. दिव्यांची काजळी वाया जाऊ नये म्हणून आत हवा अशी खेळवलेली, की काजळी दारावरच्या एका खोलीत जमावी आणि तिची शाई व्हावी.

गुरुजींनी सवयीने वही काढली, पण पेन चालेना. एवढ्या मोठ्या गोष्टीचं आपण आयुष्यभर एक वाक्य करून सांगितलं, आणि त्या वाक्यावर एका पोराचं हसं केलं.

वडील शिक्षक आहेत, असं रविताने सांगताच दाराजवळचा म्हातारा रखवालदार उठून उभा राहिला. त्याने छातीवर हात ठेवला आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

गुरुजी बसले नाहीत.

"बसा ना जी, गुडघे दुखून राहिले मनत होते ना?" दुलारीबाई कुजबुजल्या. तरी ते बसले नाहीत.

परतल्यावर शाळेने येत्या शनिवारी बोलावलं होतं, फोटो दाखवायला आणि माहिती सांगायला. भाषण लिहून तयार होतं. त्यात सिनान होता, काजळी होती. आठवीचा तो तास नव्हता.

बिजागर जोडून झालं. हात पुसत जलील चहाला ओसरीवर आला, फोटोंकडे पाहू लागला.

"हे का ते मशीद? लई मोठी हाय जी."

"जलील," गुरुजी म्हणाले.

जलील दचकला. "काय जी? तब्येत बरी हाय ना?"

आतून दुलारीबाई हसल्या. गुरुजींना हसू आलं नाही. "तुझं नाव मी बिघडवलं रे. फार चुकलं माझं. मला माफ..."

"राहू द्या, गुरुजी. माहं वय निघून गेलं." जलीलने बशी खाली ठेवली. "दुकानाच्या पाटीवर बी मी तुर्कच लिवलं. नाई तं गिऱ्हाईक मले धुंडतेच कसं? पन माही नसरीन आता आठवीत हाय, तुमच्याच शाळेत. पोरं तिले तुर्काची मनून चिडवून राहिले. दोन दिस झाले, शाळेत जाले नाई मनते."

गुरुजींनी टेबलावरचे भाषणाचे कागद जवळ ओढले.

"मले माफी नोको जी. शनिवारी पोराईपुढं फक्त एवढं सांगजा, 'हे नाव मी ठेवलं होतं आन् ते माही चूक होती.'"