यांच्या डोळ्यातलं लोखंड

लोकांच्या सवती साडी नेसतात. माझी सवत मिशा ठेवते आणि ग्रीसचे डाग पडलेली निळी पँट घालते.

पाटोद्यात रस्त्याला लागून आमच्या यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, भागीदारीतलं. भागीदार म्हणजे यांचा लहानपणापासूनचा दोस्त. मी त्याला तोंडावर भाई म्हणते, तो मला भाभी म्हणतो, आणि मनात मी त्याला काय म्हणते ते वर लिहिलंच आहे. साखर कारखान्याचा हंगाम जवळ आला की उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येतात. मग हे दोघं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकाच ट्रॉलीखाली. डब्यातली भाजी खारट झाली हे त्याला घास घेतानाच कळतं. मला कळतं ते डबा परत आल्यावर, तेही भाजी उरली असेल तर.

घरी आले की यांचं ठरलेलं. काय झालं? "काही न्हाई." डोळे लाल का दिसतायत? "धूळ गेली." जे काही बोलायचं ते दुकानात बोलून येतात. माझ्या वाट्याला रिकामा डबा येतो आणि रिकामा माणूस.

यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, पाना धरवेना, तेव्हा डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढायला बीडला पाठवलं. मला काळजी वाटली, नाही कशाला म्हणू. पण खरं सांगते, आत कुठेतरी बरंही वाटलं. एक अख्खा दिवस आम्ही दोघंच असणार होतो.

भाई लगेच म्हणाला, "भाभी, मी बी येतो संगं. दुकान ऱ्हाऊ दे एक दिस बंद."

"कशाला?" मी म्हटलं. "मी हाय की. बायको हाय त्यांची."

त्यानं यांच्याकडे बघितलं, यांनी जमिनीकडे बघितलं. मी चांगली साडी नेसले. एसटीत खिडकीही मिळाली. गाव मागे पडलं नाही तोच यांनी फोन काढला. "खाल्लं का बे काही?" मी सकाळपासून उपाशी होते, मला नव्हतं विचारलं. अंगाचा तिळपापड झाला, पण दवाखान्याच्या वाटेवर भांडू नये म्हणून गप्प बसले.

मशीन चालवणारी ताई तरुण होती, गोड बोलायची. ती यांना काका म्हणाली तेव्हा माझं तिच्याविषयीचं मत आणखी चांगलं झालं. तिनं आम्हाला समोर बसवून सांगितलं, "आत फार मोठं चुंबक आहे. मशीन शांत दिसलं तरी चुंबक चालूच असतं, ते बंद होत नाही. लोखंडाची वस्तू आत गेली की ते अशी ओढून घेतं की मध्ये आलेल्या माणसाचं काही खरं नाही. म्हणून अंगावरचं सगळं काढा. आणि ती पिवळी पट्टी दिसते ना, तिच्यापुढे नातेवाइकांनी यायचं नाही."

हे एकेक काढत गेले. घड्याळ, पट्टा, दुकानाच्या किल्ल्या, मोबाइल, शनीसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठी, कमरेचा करदोडा. सगळं माझ्या ओच्यात पडत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस आज पहिल्यांदा सगळाच्या सगळा आपल्या ताब्यात आला असं मला वाटत होतं.

मग प्रश्न सुरू झाले. छातीत मशीन बसवलंय का? हाडात सळई, स्क्रू? डोळ्याला कधी धातूची इजा?

"न्हाई," हे म्हणाले.

यांच्या हातावरचे भाजल्याचे डाग बघून तिनं विचारलं, "काम काय करता काका?"

"वेल्डिंगचं दुकान हाय."

"मग नीट आठवा. डोळ्यात लोखंडाचा कण वगैरे?"

हे आढ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मीच तोंड घातलं. "ताई, मी बायको हाय यांची. डोळ्याला इजा झाली असती तर मला ठाऊक नसतं का?"

"काही न्हाई झालेलं," हे म्हणाले.

हे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दुकानात इजा म्हणजे बोट तुटणं, पाय मोडणं. ग्राइंडरमधून उडणारा लोखंडाचा कीस डोळ्यात जाणं ही इजा नव्हेच. गिरणीवाल्याच्या केसांत पीठ असतं, तसा यांच्या डोळ्यात कीस. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

हे कपडे बदलायला गेले आणि माझ्या ओच्यातला मोबाइल वाजला. भाई. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग म्हटलं, एकदा ऐकवतेच.

"तुमी कावून सारखा फोन करताव, भाई?"

"भाभी, तो आत गेला का?"

"कपडे बदलतेत."

"त्यानं डोळ्याचं सांगितलं का?"

"कसलं डोळ्याचं?"

तो भडाभडा बोलत सुटला. कीस रोजच जातो. एकानं पापणी उलटायची, दुसऱ्यानं फुटक्या स्पीकरमधलं गोल चुंबक जवळ धरायचं, की कीस चिकटून बाहेर. "पर मागच्या हंगामात एक निघालाच न्हाई, भाभी. मॅग्नेट जवळ नेला की त्याला आत टोचायचं, लांब केला की थांबायचं. म्हटलं ऱ्हाऊ दे, जाईल आपोआप. आत्ता एक गिऱ्हाईक बोललं, त्या मशीनीत लई मोठा मॅग्नेट ऱ्हातो. तवापासून फोन लावतोय बगा."

मागच्या हंगामात! म्हणजे वर्षभर हे माझ्या शेजारी डोळ्यात लोखंड घेऊन झोपत होते, आणि ते त्याला माहीत होतं. मी आधी जळाले आणि मग घाबरले. या क्रमानं, लपवायचं कशाला.

मान वर केली तर हे दवाखान्याचा निळा झगा घालून त्या ताईच्या मागे निघाले होते. जाड दार उघडं होतं. मी उठून पळत सुटले, हातात मोबाइल, ओच्यात किल्ल्यांचा जुडगा, बांगड्यांत लटकवलेल्या सेफ्टी पिना.

ताई गर्रकन वळली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "तिथंच थांबा! पुढे यायचं नाही!"

पिवळ्या पट्टीवर मी थांबले आणि तिथूनच बोंब ठोकली, "यांच्या डोळ्यात लोखंड हाय!"

हे वळले. खरं की खोटं ते राहिलं बाजूला. मला म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

ताईनं यांना तसंच मागे फिरवलं. डोळ्यांचा एक्स-रे काढला. डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका होता, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. डॉक्टरांनी तो दाखवला आणि म्हणाले, "आत गेले असते तर हा कण चुंबकानं हलला असता. डोळा गेला असता कदाचित. एमआरआय नको, मानेचं सीटी स्कॅनवर भागवू. आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा."

हे बाकावर बसले आणि फोन लावला. "तू वाचिवलं बे मला," म्हणाले आणि रडायला लागले. माझे वडील गेले, यांचे वडील गेले, तेव्हासुद्धा माझ्यासमोर हे रडले नव्हते. धावले मी, ओरडा खाल्ला मी, आणि रडणं मात्र फोनमधून पाटोद्याला चाललं होतं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू रडत बसली असती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊ दिलं नसतं."

"अन् त्याला सांगितलं तर?"

"तो हसला."



डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे तो कण काढला आणि बजावलं की चुंबक नाही, रुमाल नाही, डोळ्यात काही गेलं की सरळ दवाखाना. डोळा शाबूत राहिला, आणि मानेच्या औषधानं हाताच्या मुंग्याही गेल्या. हे पुन्हा कामावर गेले त्या दिवशी मी डबा पाठवला नाही, स्वतः घेऊन गेले. फळीवरचं ते स्पीकरचं चुंबक उचलून पिशवीत टाकलं आणि डोळ्यांना लावायचे जाड चष्मे बाहेर काढले, एक यांच्यासाठी आणि एक भाईसाठी.

"मला कावून, भाभी?" भाई म्हणाला.

"घाला गुमान," मी म्हटलं. "तुमचे डोळे गेले तर यांच्या डोळ्यात काय हाय ते मला कोन सांगनार?"

दोघंही पोट धरून हसले. मी गंमत करत नव्हते.