एसीची पाठ

खिडकीचा एसी मी एकदा अख्खाच्या अख्खा खोलीच्या आत ठेवला होता. तोंडही आत, पाठही आत, वर दारं-खिडक्या घट्ट बंद. तेव्हा मी जेमतेम पासष्टीची, अंगात रग होती आणि स्वतःच्या डोक्यावर फार विश्वास.

खोली म्हणजे खरं तर चाकांवरचा ट्रेलर. दोन बाक, इवलासा ओटा, डोक्यावर पत्रा. निवृत्तीनंतर ह्यांनी कामणच्या एका गोदामवाल्याकडून जुना उचलला. त्यातून आम्ही दोघं कोकण फिरणार होतो. तो फिरला एकदाच, कामण ते गास. तेव्हापासून आमच्या वाडीत चिकूखाली उभा. मी त्याला पोपटी रंग दिला आणि ही पाहुण्यांची खोली, असं जाहीर करून टाकलं.

पाहुणी मला एकच हवी होती, माझी नात. पण लेकीच्या सासूबाई, आमच्या ठाण्याच्या विहीणबाई, दर मे महिन्यात तिला सकाळी घेऊन यायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या. "तुमच्याकडे फार उकडतं हो, पोरीला घामोळं येतं." पोर माझा पदर सोडायची नाही, आणि मी रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत फाटकात. त्या वर्षी ठरवलं, ट्रेलर असा गार करायचा की विहीणबाईंनी शाल मागितली पाहिजे. मग नात सुट्टीभर माझी.

मुलानं नालासोपाऱ्याचा फ्लॅट विकला तेव्हा तिथला एसी आमच्याकडे येऊन पडला होता. हे पत्रा कापायला निघाले.

"अगं, त्याची पाठ बाहेर पायजे. भोक पाडतो."

"माझ्या नव्या रंगाला हात लावायचा नाही! आणि पाठ बाहेर ठेवली की खारा वारा खाईल तिला. अर्नाळ्याच्या वन्संच्या एसीचं काय झालं, विसरलात? दोन पावसाळ्यांत चाळण!"

"अगं पन..."

"पण नाही नि बिण नाही."

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याच्या भीतीनं माणसं सायकलसुद्धा घरात घेऊन झोपतात, त्यामुळे मला हे अगदी शास्त्रीय वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा वाद घालत नाही, शेजाऱ्याला उचलायला बोलावतो. एसी टीपॉयवर बसला. मागून पाणी ठिबकायला लागलं, त्याखाली मी घमेलं लावलं. दार उघडं टाकून तोंडासमोर उभी राहून बघितलं. गार! झाली माझी परीक्षा.

विहीणबाई आल्या. त्यांना आणि नातीला मी एसीच्या तोंडासमोर बसवलं, पाहुणचार म्हणून स्वतः पाठीमागे बसले आणि दार लावलं.

"अगंबाई, काय गार आहे हो!"

मी मनातल्या मनात नातीचे फ्रॉक कपाटात लावून टाकले.

थोड्या वेळानं माझं तोंड भाजायला लागलं. पोळ्यांच्या तव्यावर वाकून बसल्यासारखं. म्हटलं, वय झालं, दुसरं काय! पण मग विहीणबाईंनी मान पुसली. मी उठून बटण आणखी पिरगाळलं. त्यांनी कपाळ पुसलं. मी बटण शेवटपर्यंत नेलं. नातीच्या हातातली कुल्फी काडी सोडून फ्रॉकवर उतरली.

"बघा, घमेल्यात पाणी किती साठलंय," मी घाम गाळत म्हणाले. "म्हणजे केवढा गारवा निघत असेल!"

"हो ना," त्या म्हणाल्या. एकदा स्तुती करून बसल्या होत्या, आता मागे कशा घेणार? मीही तशीच. दोघी विहिणी उकडून निघालो, पण हूं की चूं नाही.

शेवटी त्याच उठल्या. टीपॉयला वळसा घालून माझ्याजवळ आल्या, एसीच्या पाठीशी हात धरला आणि चटकन मागे घेतला. मग हातातला भिजलेला रुमाल तिथे धरला. बघता बघता तो कुरडईसारखा कडक झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खारा वारा लागू नये म्हणून..." मी म्हणाले.

त्यांनी दार उघडलं. बाहेर समुद्रावरून वारा सुटला होता, आणि चिकूखाली चक्क गार होतं. नात धावत जाऊन सावलीत लोळली. विहीणबाई ट्रेलरच्या पायरीवर बसल्या आणि खांदे गदगदा हलेपर्यंत हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग त्या कडक रुमालानं डोळे टिपत म्हणाल्या,

"विहीणबाई, पोर राहू दे सुट्टीभर तुमच्याकडे, ओटीवर निजवा तिला. आणि ही खोली मात्र मोडू नका हो, पावसाळ्यात आमच्या घरचे ओले कपडे पाठवून देते."